परीक्षकासमोरचा षड्ज

मानेसर म्हटलं की मराठी माणसाला मारुतीचा कारखाना आठवतो. चाकण-पिंपरीकडून तिकडे बदली होऊन गेलेला एखादा भाचा अनेक घरांत असतो. त्याच गावाच्या कडेला, अरवलीच्या पायथ्याशी, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. २००३ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी त्याचं लोकार्पण केलं. तिथल्या नंदिनी चॅटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हिंदुस्थानी रागांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. बारा रागांचे सरोदवर वाजवलेले छोटे तुकडे, १२२ श्रोते आणि एक साधा प्रश्न: ऐकताना काय वाटलं? आलाप ऐकताना श्रोते बहुधा शांत होत होते, आणि तोच राग तालात आला की भावनांना उठाव येत होता. रागात कोमल रिषभाचा वावर जितका जास्त, तितकी उत्तरं उदासीकडे झुकत होती.

अभ्यास सुंदर आहे, पण तो ऐकणाऱ्याचा आहे. वाजवणारा त्यात केवळ ध्वनिमुद्रणापुरता येतो. कोमल रिषभ ऐकून श्रोत्याच्या मनात काय होतं हे आता आकड्यांत सांगता येतं. भैरवातला तोच रिषभ परीक्षकासमोर लावताना पंधरा वर्षांच्या मुलीचा गळा का आवळतो, रिषभाच्या आंदोलनात नको असलेला कंप का मिसळतो, हा दुसरा प्रश्न आहे. त्यावरचं बहुतेक संशोधन युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या वाद्यवृंदांवर आणि संगीतशाळांवर झालेलं आहे. ते आपल्या क्लासला, आपल्या परीक्षेला आणि आपल्या बैठकीला कुठे लागू पडतं, कुठे पडत नाही, हे तपासणं हा या लेखाचा हेतू.

आधी एक जुनी नोंद. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकाचे पंचवीस दोष दिलेले आहेत. दात आवळून गाणारा, नाकात गाणारा, कावळ्यासारखा गाणारा अशा मंडळींच्या रांगेत ‘भीत’, ‘शंकित’ आणि ‘कंपित’ हे तिघेही आहेत. एक घाबरून गातो, एक घाईघाईने गातो, एकाचा आवाज थरथरतो. भीतीची ही तीन रूपं आठशे वर्षांपूर्वी वेगवेगळी ओळखली गेली होती. घाई हे भीतीचंच लक्षण आहे, हे तर आजही पुष्कळ शिक्षकांच्या लक्षात येत नाही. ते मुलाला फक्त ‘लय धर’ म्हणून ओरडतात. याच यादीत डोळे मिटून गाणाराही दोषी आहे. शार्ङ्गदेव आज एखाद्या संगीत महोत्सवात पहिल्या रांगेत बसला, तर निम्मे कलाकार नापास करील. पण डोळे मिटणं ही नेहमी तल्लीनताच असते असं नाही. लोकांच्या नजरेपासून लपण्याचा तो सर्वांत सोपा मार्गही आहे.

शरीरात काय घडतं ते थोडक्यात सांगता येतं. धोका जाणवला की अॅड्रिनलिन रक्तात येतं, हृदय जोरात चालतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, तोंडातली लाळ आटते, श्वास वर-वर होतो. पळायचं किंवा झुंजायचं असेल तर ही उत्तम तयारी. पण गायचं असेल तर घसा कोरडा आणि श्वास आखूड, सतार वाजवायची तर बोटं गार, तबला वाजवायचा तर तळवे ओले. त्यातल्या त्यात गवयाची पंचाईत मोठी, कारण त्याचं वाद्यच त्याच्या शरीरात आहे. पेटीवाल्याचा हात थरथरला तरी पट्टीचा स्वर ढळत नाही. गवयाचा षड्ज मात्र पोट आवळल्याबरोबर हलतो, आणि तो हलला हे पहिल्यांदा त्यालाच कळतं.

हे थांबवता येतं का? रासायनिकदृष्ट्या, हो. जेम्स ब्लॅक यांनी हृदयविकारासाठी शोधलेली प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं अॅड्रिनलिनचा हृदयावरचा परिणाम रोखतात. त्या कामासाठी त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तंतुवाद्य वाजवणाऱ्यांवरचा एक प्रयोग छापून आला. याच जातीच्या एका औषधाने मंचावरची थरथर कमी होते असं त्यात दिसलं. मग ही गोळी गुपचूप पसरली. १९८७ च्या सुमाराला अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांतल्या दोन हजारांहून अधिक वादकांची पाहणी झाली, तेव्हा चौथ्या हिश्शाहून जास्त वादकांनी ती घेतल्याचं सांगितलं, आणि त्यांतले बरेच डॉक्टरला न विचारता घेत होते. आपल्याकडे शेजाऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांतली एक उचलून देणारे पालक निघू नयेत म्हणून इथेच स्पष्ट लिहितो: दमा असलेल्याला ही औषधं जिवावर बेतू शकतात. आणि गोळी हाताची थरथर थांबवते, मनातलं ‘माझं हसं होणार’ थांबवत नाही.

त्या वाक्याकडे वळण्याआधी एका लोकप्रिय आलेखाबद्दल बोललं पाहिजे. थोडा ताण चांगला, फार ताण वाईट, अशी उलट्या यूसारखी कमान हल्ली प्रत्येक व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात फळ्यावर काढली जाते. ती यर्क्स आणि डॉडसन या दोघांच्या १९०८ मधल्या प्रयोगावरून आलेली. प्रयोग उंदरांवरचा होता, विजेचे झटके देऊन योग्य दार ओळखायला शिकवण्याचा. तिथून विशारदच्या विद्यार्थ्यापर्यंत फार मोठी उडी आहे. थोडी धडधड गाण्याला धार आणते हा कलाकारांचा अनुभव खरा आहे, पण त्यासाठी त्या उंदरांना साक्षीला बोलवायची गरज नाही.

त्यापेक्षा जास्त उपयोगी संशोधन लक्ष कुठे जातं यावर झालं. रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ मध्ये आणि पुढे सायन बायलॉक यांनी दाखवलं, की हातात मुरलेलं कौशल्य दडपणाखाली बिघडतं, कारण माणूस त्या कौशल्यावर नको तेवढं लक्ष ठेवायला लागतो. तबल्याच्या विद्यार्थ्याला हे लगेच पटेल. द्रुत लयीत ‘तिरकिट’ वाजवताना कोणतं बोट कुठे पडतंय हे बघायला गेलं की तिरकिट मोडलंच. रोजच्या रियाजात हात आपोआप चालतो. परीक्षेच्या दिवशी मालक स्वतः कारखान्यात उतरून प्रत्येक कामगाराच्या मागे उभा राहतो आणि काम ठप्प होतं. म्हणून ‘नीट लक्ष देऊन वाजव हं’ ही परीक्षेच्या दारातली आईची सूचना जितकी प्रेमाची, तितकीच घातक असते. लक्ष द्यायचंच तर ते बोटांवरून काढून लेहऱ्यावर, समेवर, पुढच्या वाक्याच्या आकारावर नेलं पाहिजे.

आता मुळं. या विषयावर सर्वांत पद्धतशीर काम सिडनी विद्यापीठातल्या डायना केनी यांनी केलं. त्यांचं यावरचं पुस्तक २०११ मध्ये आलं. डेव्हिड बार्लो यांनी चिंतेबद्दल मांडलेला त्रिस्तरीय विचार त्यांनी संगीताला लावला. पहिला थर जन्मजात स्वभावाचा: काही मुलं मुळातच चटकन दचकणारी असतात. दुसरा थर बालपणीच्या अनुभवांचा: जग आपल्या आवाक्यातलं आहे की नाही, चुकलो तरी घरात आपली जागा शाबूत आहे की नाही, याचा अंदाज मूल फार लवकर बांधतं. तिसरा थर त्या विशिष्ट प्रसंगांचा: इथेच, मंचावरच, काही तरी लाजिरवाणं घडतं आणि सगळी भीती त्या जागेला येऊन चिकटते. केनी यांनी मार्गारेट ऑस्बोर्न यांच्याबरोबर किशोरवयीन संगीतविद्यार्थ्यांना त्यांचा सर्वांत वाईट मंचानुभव लिहायला सांगितला होता. ज्यांच्या मनात असा प्रसंग घट्ट बसला होता, त्यांची चिंता जास्त होती. मुलींची चिंता मुलांपेक्षा जास्त निघाली.

दुसऱ्या थराशी मराठी मध्यमवर्गीय घराने थोडं थांबावं. गाणारं मूल हे आपल्याकडे कुटुंबाचं भूषण असतं. पाहुणे आले की ‘म्हणून दाखव ना’ सुरू होतं, मुंजीत आणि मंडळाच्या गणपतीत पहिलं नाव तिचंच असतं. यात वाईट काही नाही. पण हळूहळू मुलीला कळतं की आपण गातो म्हणून आपण कोणी तरी आहोत. मग चुकलेली सम ही केवळ चुकलेली सम उरत नाही. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या ध्यासाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि इतरांना आपल्याकडून परिपूर्णताच हवी आहे ही समजूत. यातला तिसरा सर्वांत छळणारा. पहिल्या प्रकारचा विद्यार्थी पहाटे उठून रियाज करतो. तिसऱ्या प्रकारचाही करतो. फरक असा, की रियाज वाढला तरी तिसऱ्याची भीती कमी होत नाही, कारण ती तयारीबद्दल नव्हतीच. ‘तुझा अभ्यास कमी पडतोय’ हे अशा मुलाचं निदान म्हणजे शुद्ध चूक.

मला वाटतं, या प्रश्नाचं मर्म मंचावर नाही, ते समोरच्या चेहऱ्यावर आहे. १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत ताण निर्माण करण्याची एक पद्धत बसवली. ती आजही जगभर वापरतात. माणसाला थोडा वेळ तयारीला देतात, मग मंडळासमोर उभं करून पाच मिनिटं बोलायला लावतात, आणि त्यानंतर पाच मिनिटं तोंडी वजाबाकी करायला लावतात. समोर टेबलामागे परीक्षक असतात. त्यांना सक्त ताकीद असते की मान डोलवायची नाही, हसायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. एवढ्याने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक खात्रीने चढतं. पुढे २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २०८ प्रयोगांचा एकत्र विचार केला. दुसऱ्याकडून होणारं मूल्यमापन आणि परिस्थिती हाताबाहेर असल्याची जाणीव, ही दोन जिथे एकत्र येतात तिथे शरीराचा ताण सर्वाधिक असतो, असं त्यांना आढळलं.

आता संगीत परीक्षेची खोली डोळ्यांसमोर आणा. शाळेचा वर्ग, बाक बाजूला सारलेले, टेबलामागे दोन परीक्षक, समोर गुणपत्रिका. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आधीपासून चालू, पट्टी विचारली की दोन बटणं दाबायची. ‘यमनचा छोटा ख्याल म्हणा.’ स्थायी होते न होते तोच ‘पुरे, आता झपताल हातावर दुगुणीत.’ चेहरा कोरा, मान खाली, पेन चालू. परीक्षक दुष्ट नसतात. दिवसभरात बरीच मुलं संपवायची असतात. पण ट्रिअरच्या शास्त्रज्ञांना जे मुद्दाम रचावं लागलं, ते आपण सोयीपोटी रचून ठेवलं आहे.

हे असं का झालं, यामागे एक चांगला हेतू आहे आणि तो विसरता कामा नये. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गाणं दरबार आणि कोठ्यांच्या बाहेर काढून सामान्य घरातल्या मुलामुलींपर्यंत न्यायला. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ साली अहमदाबादला गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची शिडी त्या परंपरेतून आली. विनायकराव पटवर्धनांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय उभं केलं, तेही याच धाग्याने. परीक्षा नसत्या तर सोलापूर-सांगलीच्या किंवा आज मानेसर-गुरुग्रामच्या कोणत्याही घरातली मुलगी कुणाची शिफारस नसताना शिकू शकली नसती. भीतीची किंमत मोजून आपण दार उघडलं. सौदा वाईट नव्हता. पण किंमत कोण मोजतं हे पाहायला हरकत नाही. आता तर शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणजे यमन थेट टक्केवारीला जोडला गेला.

परीक्षकासमोर गाण्याचा हा अनुभव मोठ्यांनाही आला. १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होतं. आकाशवाणीवर गाण्यासाठी त्यांनी ध्वनिचाचणी सक्तीची केली, आणि चाचणी मंडळावर पंडित रातंजनकरांना नेमलं. घराण्यांत वाढलेले बुजुर्ग गवई एका खोलीत, न दिसणारे परीक्षक दुसरीकडे. नामवंतांनी बहिष्कार घातला, आणि रातंजनकरांसारख्या विद्वानाला आयुष्यभर पुरेल एवढी कटुता वाट्याला आली. तो वाद मानापमानाचा आणि घराणी विरुद्ध विद्यालयं असा होता, हे आपण नेहमी वाचतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: ज्याने जन्मभर समोरच्याच्या ‘क्या बात है’वर गाणं रचलं, त्याच्यापुढून श्रोताच काढून घेतला होता. बैठकीतली दाद ही स्तुती कमी आणि खबर जास्त असते. आपण कुठे आहोत, समोरचा बरोबर आहे की मागे पडला, हे गवयाला क्षणोक्षणी कळत राहतं. परिस्थिती हातात असल्याची जाणीव, जिच्या अभावी कॉर्टिसॉल चढतं, ती दादेतून मिळते.

जुन्या तालमीत आणखी एक गोष्ट होती. शिष्य एकदम पुढे बसत नसे. तो आधी गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसे. वर्षं जात. मग गुरू दम खायला थांबला की एखादी स्वरावली, एखादा आलाप भरायचा. किशोरी आमोणकर आई मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे अशाच बसल्या. कृष्णा हनगल आई गंगूबाईंच्या साथीला आयुष्यभर राहिल्या. मागे बसणाऱ्याला श्रोते दिसतात, दिवे दिसतात, मोठ्या कलाकाराची चुकलेली तान आणि त्याने ती कशी सावरली हेही जवळून दिसतं, पण नजरा त्याच्यावर नसतात. आजचे मानसोपचारतज्ज्ञ भीतीकडे पायरीपायरीने नेण्याची जी पद्धत वापरतात, ती याहून वेगळी नाही. अल्बर्ट लेब्लाँ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शालेय वादकांना आधी एकटं, मग एका संशोधकासमोर, मग सोबत्यांसमोर वाजवायला लावलं, तेव्हा पायरीगणिक चिंता वाढत गेली. म्हणजे पायऱ्या खऱ्याच आहेत. आपला परीक्षार्थी त्या सगळ्या गाळून थेट शेवटच्या पायरीवर उभा राहतो.

गुरुकुलाचे गोडवे गाणारं चित्र मी रंगवत नाही. जुन्या तालमीत अपमान होता, वर्षानुवर्षं ताटकळवणं होतं, शिष्याच्या आवाजावर मालकी होती, आणि बैठकीतले जाणकार नाकं मुरडण्यात कुणाला हार जात नसत. त्या व्यवस्थेतून किती जण घाबरून बाहेर पडले, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. आपल्याला आठवतात ते टिकलेले. हाच दोष दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या स्पर्धांबद्दल बोलतानाही होतो. २००८-०९ मध्ये ‘सा रे ग म प’च्या मराठी लिटल चॅम्प्सनी महाराष्ट्र वेडा केला, त्यातले ‘पंचरत्न’ पुढे उत्तम कलाकार झाले, म्हणून स्पर्धा मुलांना मानवते असा निष्कर्ष निघत नाही. पहिल्या फेऱ्यांत, कॅमेऱ्यासमोर रडत घरी गेलेल्यांचं पुढे काय झालं हे त्यात मोजलेलं नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाला २०१०-११ मध्ये अशा कार्यक्रमांतल्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, हे लक्षात घ्यावं.

शिवाय भीतीचा आणि गुणवत्तेचा काही संबंध नाही. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ १९५३ पासून बारा वर्षं मंचापासून दूर राहिले. ग्लेन गूल्ड यांनी १९६४ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, जाहीर मैफल कायमची सोडली आणि ध्वनिमुद्रणालाच वाहून घेतलं. घाबरणाऱ्या मुलाला ‘तुझ्यात तेवढं नाही’ म्हणणाऱ्यांनी ही नावं पाठ करावीत.

उपायांबद्दल जे ठामपणे सांगता येतं ते फार नाही. विचारांची आणि वागण्याची सवय बदलणारी उपचारपद्धती, आणि सोबत टप्प्याटप्प्याने सराव, याने अनेकांना फायदा होतो. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये अनोळखी लोकांना कराओकेवर गायला लावलं. गाण्याआधी ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणारे अधिक सुरात आणि तालात गायले. धडधड तीच, नाव निराळं. ‘घाबरू नकोस’ म्हणून धडधड थांबत नाही, हे मात्र आजवर सगळ्यांना ठाऊक असूनही सगळे तेच म्हणतात. आपल्या मंचावरचे रिवाजही इथे कामाला येतात: निवांत तंबोरा जुळवणं, गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावणं, समोरच्या वडीलधाऱ्यांची परवानगी मागणं. श्वास खाली आणायला एवढा वेळ पुरतो, आणि श्रोता परीक्षक न राहता आशीर्वाद देणारा होतो.

क्लास चालवणाऱ्यांना करता येण्याजोगी गोष्ट मला एकच सुचते, आणि तिला पैसे लागत नाहीत. महिन्यातून एकदा मुलांनी एकमेकांसमोर गावं, लहानाने मोठ्याच्या मागे तंबोरा धरावा, आणि त्या दिवशी शिक्षकाने शिकवायचं ते फक्त चुकल्यावर काय करायचं हे. सम हुकली तर पुढचं आवर्तन कसं पकडायचं, शब्द विसरला तर आकारात कसं शिरायचं, साथीदाराकडे कधी बघायचं. बंदिशी शिकवल्या जातात. सावरणं कुणी शिकवत नाही, ते आपोआप येईल असं धरलं जातं.

परीक्षा घेणाऱ्यांसाठीही एक सूचना आहे. प्रत्येक परीक्षार्थीला पहिली पाच मिनिटं त्याच्या आवडीचा राग गाऊ द्यावा, त्याचे गुण धरू नयेत आणि तेवढा वेळ पेन खाली ठेवावं. यावर आयोजकांचं उत्तर मला ठाऊक आहे: एका दिवसात चाळीस मुलं बसवली, तर नुसत्या या पाच-पाच मिनिटांचे सव्वातीन तासांहून जास्त होतात. हिशेब बरोबर आहे. मग एक दिवसाऐवजी दोन दिवस परीक्षा घ्यावी, किंवा मुलं कमी बसवावीत, आणि त्यासाठी परीक्षा शुल्क किती वाढवावं लागेल हे पालकांना उघड विचारावं.